‘क्यूअर’ खरा कोणत्या सालचा ?

दिवाळी अंक आला की आम्हां सदरवाल्यांची मोठी पंचाईत होते. वर्षभर दर आठवड्याला दीड पान तुमचे कान खायचे ते आम्ही खातोच. दिवाळीला संपादक म्हणतात, “जरा ऐसपैस लिहा, आणि काहीतरी आनंदी लिहा.” यंदा मी जो विषय घेतला आहे तो ऐसपैस आहे यात शंका नाही. तो आनंदी आहे की नाही, यावरून मात्र आमच्या घरात एक अख्खी रात्र भांडण झाले आहे.

ती रात्र लक्ष्मीपूजनाची. १ नोव्हेंबर २०२४, वार शुक्रवार. पूजा आटोपली होती, लाह्या-बत्तासे वाटून झाले होते, आणि मी आडवा होण्याच्या बेतात होतो. इतक्यात आमचा मेहुणा, म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, आपल्या लेकीला घेऊन दारात उभा. हातात चकल्यांचा डबा. त्यांच्याकडचे इंटरनेट ऐन सणाला रुसले होते.

“भावजी, रात्री दीडला लंडनहून थेट कार्यक्रम आहे. तुमचा टी. व्ही. मोठा आहे, म्हणून आलो.”

“कोणाचा कार्यक्रम ?”

“‘क्यूअर’चा !” बाप आणि लेक एकदम म्हणाले. त्या रात्री त्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच एका शब्दावर.

आता ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्यूअर म्हणजे इलाज. हे नाव धारण करणारी माणसे इलाज करतात की दुखणे लावतात याबद्दल दुमत आहे, ते सोडा. लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळाच्या कुशीत, क्रॉली नावाचे गाव आहे. महायुद्धानंतर लंडनची गर्दी हलवण्यासाठी ब्रिटिश सरकारने जी नवी शहरे आखली, त्यांतले हे १९४७ चे. आखीव रस्ते, आखीव बागा, आणि संध्याकाळी करण्यासारखे काही नाही. अशा गावातल्या शाळासोबत्यांनी १९७६ च्या सुमारास गिटारी खांद्याला अडकवल्या. दोन-तीन नावे बदलून १९७८ साली ‘द क्यूअर’ हे नाव पक्के झाले. म्होरक्या रॉबर्ट स्मिथ. जन्म १९५९ चा, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कावळ्याच्या घरट्यासारखे केस, डोळ्यांत काजळ, आणि ओठांवर आरशात न पाहता फासावी तशी लाली. सौ.ने त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, “याला घरी कोणी बोलत नाही का ?”

घरी बायको आहे. शाळेत नाटकाच्या तासाला भेटलेली मुलगी, तिच्याशीच १९८८ साली लग्न. लग्नाची भेट म्हणून या गृहस्थाने तिला एक गाणे करून दिले, आणि ते ‘लव्हसाँग’ पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. हे ऐकल्यावर सौ.चे मत बरेच निवळले. त्यानंतर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याविषयी लिहीत नाही.

या मंडळींच्या संगीताला लोक ‘गॉथ’ म्हणतात. १९८० च्या आगेमागे इंग्लंडात ही लाट उठली. काळे कपडे, पांढरा फटक चेहरा, खर्जात घुमणारी बास गिटार, आणि मरण, एकटेपणा, दुरावा असले विषय. ‘बाउहाउस’ झाले, ‘सूझी अँड द बॅनशीज’ झाल्या. लंडनच्या सोहो भागात १९८२ साली ‘बॅटकेव्ह’ म्हणजे वटवाघळांची गुहा या नावाचा एक क्लबही निघाला. स्मिथने स्वतः सूझीबाईंच्या मेळ्यात गिटार वाजवली आहे. तरीही आम्ही गॉथ नव्हेच, असे तो वर्षानुवर्षे सांगत आला आहे. ऐकणारे ते मनावर घेत नाहीत. ओठांची लाली पाहून कोण घेणार ?

तर वाद असा, की या बँडचा खरा काळ कोणता ? १९७९ साली पहिली तबकडी निघाली आणि २०२४ साली चौदावी. पंचेचाळीस वर्षांचा हा संसार. जगात जिथे जिथे यांचे चार चाहते एकत्र बसतात, तिथे तिथे पाचवे मत निघते म्हणतात. आमच्याकडे माणसे चारच होती. पण त्यांतला मी तटस्थ, म्हणून तीन पक्ष.

पहिला पक्ष भाचीचा. वय वर्षे एकवीस. तिचा जन्म व्हायच्या वीस वर्षे आधीच क्यूअर संपला, असे तिचे म्हणणे. तिच्या मते खरा क्यूअर १९८० ते १९८२. त्या तीन वर्षांत तीन तबकड्या निघाल्या : ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, ‘फेथ’, आणि तिसरीचे नाव छापायचे की नाही यावर संपादकांनी माझ्याशी दोनदा फोनवर चर्चा केली. शेवटी छापतो. ‘पोर्नोग्राफी’. वाचकांनी अंक मुलांच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही. त्यात तसले काही नाही. आहे ती निव्वळ निराशा, आणि घण घातल्यासारखे ढोल. ही तबकडी केली तेव्हा स्मिथ तेविशीच्या उंबरठ्यावर होता. स्टुडिओच्या कोपऱ्यात बिअरच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर साचलेला, झोपेचा पत्ता नाही, आणि तिघे सोबती एकमेकांकडे धड पाहत नव्हते. मग दौरा निघाला. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला स्मिथ आणि बास वाजवणारा सायमन गॅलप यांची चक्क मारामारी झाली. दौरा संपला आणि गॅलप निघून गेला. बँड जवळजवळ मोडलाच.

“आणि तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम !” भाची म्हणाली. “काका, त्यात एकही खोटा सूर नाही. पुढे सगळं गोड गोड. मांजराबिंजरांची गाणी !”

मांजरांचा उल्लेख १९८३ च्या ‘लव्हकॅट्स’ला. पोर्नोग्राफीनंतर स्मिथने अचानक पाठ फिरवली आणि नाचरी, खेळकर गाणी करायला घेतली. या मांजरांच्या गाण्याने त्यांना इंग्लंडच्या पहिल्या दहांत प्रथमच नेऊन बसवले, सातव्या क्रमांकावर. काळ्या कपड्यांतल्या भक्तांनी कपाळावर हात मारला. ज्याच्याबरोबर आपण रडत होतो तोच बोहल्यावर चढल्यासारखे त्यांना झाले असणार !

दुसरा पक्ष मेहुण्याचा. त्याचे दैवत १९८९ चे ‘डिसइंटिग्रेशन’. मधल्या काळात गॅलपशी समेट झाला होता, १९८५ साली ‘द हेड ऑन द डोअर’मधून बँड नव्याने उभा राहिला होता, १९८७ ची दोन तबकड्यांची जोडी अमेरिकेत चांगली खपली होती. पैसा, कीर्ती, सगळे आले. आणि तिशी समोर दिसताच या माणसाला वाटले की आपल्या हातून अजून मोठे काही झालेले नाही. त्याने पुन्हा अंधाराची वाट धरली. सत्तर मिनिटांची लांबलचक, संथ, समुद्रासारखी तबकडी. अमेरिकन कंपनीच्या लोकांना धसका बसला, की चालती गाडी हा आपल्या हाताने उलटवतो आहे. ती गाडी उलटली तर नाहीच. वेष्टनावर एक सूचना छापली होती, की हे संगीत मोठ्याने वाजवण्यासाठी केले आहे, तरी आवाज वाढवा. ही सूचना आमच्या मेहुण्याने विद्यार्थिदशेत इतकी तंतोतंत पाळली, की सासरेबुवांनी एकदा घरचा फ्यूजच काढून ठेवला होता.

या सोनेरी काळालाही एक डाग आहे, तो मेहुणा सांगत नाही, म्हणून मी सांगतो. लॉल टॉलहर्स्ट हा स्मिथचा पाचव्या वर्षापासूनचा मित्र. आधी ढोल, मग कळवाद्य. तो दारूच्या इतका आहारी गेला की त्याच वर्षी त्याला बँडमधून काढावे लागले. पुढे त्याने कोर्टात दावा लावला आणि हरला. ज्या तबकडीला लोक मैत्रीच्या काळातली म्हणून कुरवाळतात, ती एका जुन्या मैत्रीच्या तेराव्याची आहे. २०११ साली मात्र हाच टॉलहर्स्ट, दारू सोडलेला, पहिल्या तीन तबकड्यांच्या कार्यक्रमांसाठी पुन्हा स्मिथच्या शेजारी उभा राहिला. सिडनीला, मग लंडनला आणि अमेरिकेत. भांडणाऱ्या भक्तांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

तिसरा पक्ष सौ.चा. तिला त्यांतली एकच गोष्ट ठाऊक : १९९२ चे ‘फ्रायडे आय ॲम इन लव्ह’. “आठवड्याचे वार म्हणतो ते ना ? ते छान आहे. बाकी रडगाणी.” यावर बापलेकींनी जो सुस्कारा टाकला तो एकाच सुरात होता, हे मी नमूद करून ठेवतो.

मग पुरावे निघाले. भाची म्हणाली, २००२ साली बर्लिनला स्मिथने स्वतः तीन तबकड्या सलग वाजवल्या, त्यांत पहिली पोर्नोग्राफी होती. मेहुणा म्हणाला, दुसरी डिसइंटिग्रेशन होती. तिसरी होती २००० सालची ‘ब्लडफ्लॉवर्स’, आणि ती तिथे काय करत होती हे दोघांनाही सांगता येईना ! मग मेहुण्याने ढोल काढला. १९८४ ते १९९४ बोरिस विल्यम्स ढोलावर होता. त्याच्यासारखा हात पुन्हा झाला नाही. पुढे आलेला जेसन कूपर भला माणूस, पण भला माणूस आणि ढोलकरी यांत फरक आहे. भाची म्हणाली, कूपर १९९५ पासून वाजवतो आहे, म्हणजे तुमच्या बोरिसच्या तिप्पट. तीस वर्षांनीसुद्धा त्याला नवा गडी म्हणणे हा सासुरवास झाला. हा मुद्दा सौ.ला फार आवडला.

इतका वेळ मी चकल्या खात होतो. पण या वादाविषयी माझेही एक मत आहे, आणि सदर माझे असल्यामुळे ते इथे मांडतो. पोर्नोग्राफी मी ऐकली आहे, भाचीनेच ऐकवली. ती थोर आहे. पण थोर म्हणून एखाद्या माणसाला तिथेच राहा म्हणणे, हे मला मोठे क्रूर वाटते. तेविसाव्या वर्षी जो पोरगा झोपत नाही, पितो, मित्रांशी गुद्दागुद्दी करतो, त्याने जन्मभर तसेच राहावे म्हणजे आपल्याला गाणी मिळत जातील ! त्या वर्षाच्या शेवटी त्याने जे पहिले खुळे, हलके गाणे केले, त्यात मला कमअस्सलपणा दिसत नाही. बुडणाऱ्याने हात मारला, एवढेच दिसते. आणि ती मांजरे नसती, तर सात वर्षांनी डिसइंटिग्रेशन करायला हा माणूस शाबूत उरला असता असे मला वाटत नाही. म्हणून मला कोणी विचारलेच, तर मी १९८५ चे ‘द हेड ऑन द डोअर’ म्हणेन. त्यात एक गाणे रडवते आणि लगेच दुसरे नाचवते, आणि कुठले कुठल्या हेतूने केले ते कळत नाही. मला कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी.

भाचीला मात्र हे ऐकवायला माझी जीभ रेटली नाही. तिचे बारावीचे वर्ष टाळेबंदीत गेले. एका खोलीत, एका पडद्यासमोर, मैत्रिणींचे चेहरे टपाल तिकिटाएवढे. त्या वर्षी तिला कुठूनशी ही चाळीस वर्षांपूर्वीची तबकडी सापडली. “तेव्हा सगळे मला धीर देत होते काका,” ती एकदा म्हणाली होती, “तो एकटाच देत नव्हता.” अशा माणसाशी काय वाद घालणार ?

आणि मेहुण्याचे डिसइंटिग्रेशन ही नुसती तबकडी नव्हे, ती एक कॅसेट आहे. ती त्याला दादाने आणून दिली. दादा म्हणजे सौ.चा आणि याचा थोरला भाऊ. बोटीवर नोकरीला होता. १९८९ साली सिंगापूरच्या दुकानदाराला त्याने विचारले, “कॉलेजातली पोरं हल्ली काय ऐकतात ?” आणि दुकानदाराने देईल ते पिशवीत टाकले. दादाला स्वतःला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. तो माणिक वर्मांचा माणूस. पण दर सुट्टीत तो विचारी, “काय रे, तुझ्या त्या झिंज्यावाल्याचं नवीन काय ?” हा दादा २०२३ च्या श्रावणात गेला. ती दिवाळी आमच्या दोन्ही घरांत झालीच नाही. ही त्यानंतरची पहिली.

दीड वाजला. लंडनला तेव्हा संध्याकाळचे आठ. ट्रॉक्सी नावाचे पूर्व लंडनमधले जुने सिनेमागृह, गच्च भरलेले. त्याच दिवशी त्यांची नवी तबकडी बाहेर आली होती, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. आधीची २००८ ची. सोळा वर्षे हा माणूस येणार, येणार म्हणत होता. पासष्ट वर्षांचा स्मिथ रंगमंचावर आला. केस तसेच, पण पांढरे. लाली तशीच. शेजारी सायमन गॅलप, गिटार गुडघ्यापर्यंत लोंबकळती. मारामारीला बेचाळीस वर्षे होऊन गेली होती. पहिले गाणे सुरू झाले, तर तीन-साडेतीन मिनिटे नुसते वाजवणेच. मेहुणा माझ्या कानात कुजबुजला, “डिसइंटिग्रेशनसारखं आहे.” भाची दुसऱ्या कानात, “फेथसारखं आहे.” आवाज मात्र, मंडळी, जराही म्हातारा झालेला नव्हता. माझ्या वयाच्या माणसाला हे ऐकून मत्सर वाटतो, तो मला वाटला.

त्यांनी नवी तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाजवली. दोन वाजून गेल्यावर केव्हातरी सहावे गाणे आले. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’. पियानोचे चार सुटे स्वर पुन्हा पुन्हा येतात, आणि वरून हा शांतपणे गातो. सौ. स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. दारातच थबकली.

“हे काय म्हणतो आहे ?”

मेहुणा काही बोलेना. भाचीने सांगितले, “आत्या, त्याचा मोठा भाऊ गेला. रिचर्ड. त्याच्यावर आहे हे.”

सौ.ने तांब्या खाली ठेवला आणि भावाच्या शेजारी सतरंजीवर बसली. मी शेजाऱ्यांचा विचार करून आवाज बारीक ठेवला होता. तिने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि तो वाढवला. गाणे पाच-सहा मिनिटांचे असेल. त्या वेळात चकली कोणी मोडली नाही. संपल्यावर मेहुणा गॅलरीत जाऊन उभा राहिला, कंदिलाखाली, आमच्याकडे पाठ करून. भाची उठायला लागली, तशी सौ.ने तिला हाताने बसवले. पाच मिनिटांनी तो परत आला आणि म्हणाला, “आवाज कमी करा भावजी, लोक झोपलेत.”

पुढे मग जुनी गाणी आली. एक अख्खा तुकडा १९८० च्या सेव्हन्टीन सेकंड्सचा होता. भाची त्या वेळी सोफ्यावर मांडी घालून, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखी बसली होती. तीन तास तो माणूस गात होता. अगदी शेवटच्या भागात एकदाचे सौ.चे गाणे आले. ती पूर्ण जागी होती. गाणे ऐकून झाल्यावर तिने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, “याचा शुक्रवार अजून चालू आहे. आपला शनिवार लागला. पाडवा आहे, उठा.”

पहाटेचे साडेचार झाले होते. झोपण्यात अर्थ नव्हता. सौ.ने पाणी तापत ठेवले, तेलाची वाटी काढली. मेहुण्याच्या बायकोचा फोन आला, की ओवाळून घ्यायची इच्छा असेल तर आता घरी या, नाही तर तिकडेच रॉबर्ट स्मिथला ओवाळायला बसवा. दोघे लगबगीने निघाले. आठवड्याभरात कळले, की नवी तबकडी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. याआधी तो मान त्यांना एकदाच मिळाला होता, १९९२ साली. मेहुण्याने फोन करून हे सौ.ला मुद्दाम सांगितले, कारण ते वर्ष तिच्या शुक्रवारचे.

पण त्या पहाटे आम्ही त्यांना सोडायला खाली उतरलो तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. मेहुणा स्कूटर काढत होता. भाची मागे बसत म्हणाली, “बाबा, एक मान्य करा. आजचं नवीन, ते तुमच्या डिसइंटिग्रेशनपेक्षा चांगलं आहे.”

मेहुण्याने किक मारायचा पाय तसाच ठेवला. थोडा विचार केला. “शेवटची तीन गाणी, असतील,” तो म्हणाला. “पण ढोल बोरिसने वाजवायला हवे होते.”

स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत जेसन कूपरची बाजू आम्हांला ऐकू येत होती.